ऑर्लिनच्या धनुष्याची करकर

"आता ऐक," ऑर्लिन म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून धनुष्य ओढलं.

दुकानाच्या मागच्या अंगाला मक्याच्या पोत्यांच्या दोन थप्प्या, मधे बोळ, आणि बोळाच्या टोकाला गवताचा भारा. बाण त्या भाऱ्यावर रोखलेला होता. दोरी मागे आली, धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं फिरली आणि कुठेतरी 'कर्र' झालं. अगदी एवढंसं. जुन्या खुर्चीत कुणीतरी कूस बदलावी तसं.

"आलं ऐकू?"

"आधी कॉफी ओत," वेंडल म्हणाला. "रिकाम्या पोटी मला काही ऐकू येत नाही."

"बहिरा झालास असं सरळ सांग ना लेका."

"बहिरा झालो असतो तर तुझी बडबड तरी चुकली असती."

बाहेर दरीत धुकं भरलं होतं. ऑक्टोबरात ते रोज सकाळी ओढ्यावरून उठायचं. आधी गाईंचे पाय दिसेनासे व्हायचे, मग गोठे, मग रस्ता. चर्चचा मनोरा तेवढा वर राहायचा. ऊन चांगलं तापेपर्यंत सगळं गाव अर्धवट झोपेत असायचं, आणि खरं सांगायचं तर वेंडलला गाव तसंच आवडायचं.

दुकान पशुखाद्याचं. पुढच्या भागात मिठाचे ठोकळे, रबरी बूट, कोंबड्यांचं खाद्य. मागच्या भागात खिडकीशी वेंडलचं टेबल, शिकंजा आणि भिंतीवर टांगलेली चाकांची कंपाउंड धनुष्यं. आसपासच्या टेकड्यांत हरणाच्या मागे जाणाऱ्या प्रत्येकाचं धनुष्य कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. त्यातही आवाज काढावा तो वेंडलनेच. म्हणजे धनुष्यातला आवाज घालवावा. माणसं यायची आणि म्हणायची, "टिक् करतंय रे," "बाण सुटल्यावर झूं होतं रे." वेंडल डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ओढ." शिकारीच्या धनुष्याने बोलायचं नसतं. वीस पावलांवर हरीण उभं असताना ते टिक् जरी बोललं तरी सगळ्या थंडीची मेहनत पाण्यात.

आवाज शोधता शोधता वेंडल स्वतःच कुठेतरी निघून जायचा. डोळे मिटलेले, हात धनुष्यावर, आणि मन भलतीकडे. कधी आईच्या स्वयंपाकघरात, कधी गोठलेल्या तळ्यावर. त्याची मोठी बहीण इर्मा लहानपणापासून सांगत आली होती, "आमचा वेंडल बसतो इथे, राहतो दुसरीकडेच." तिने पुढे ऑर्लिनशी लग्न केलं, आणि ऑर्लिनने या दुसरीकडेच राहणाऱ्या मेव्हण्याच्या हातात पहिलं धनुष्य दिलं. गाईंची धार काढून झाली की तो त्याला रानात न्यायचा. वारा कुठून येतो, पाय कसा टेकायचा, मचाणावर किती वेळ नुसतं बसायचं, सगळं त्यानेच शिकवलं. रानातले नियमही त्याचेच. चढताना धनुष्य दोरीला बांधून खाली ठेवायचं, वर बसल्यावर ओढून घ्यायचं. उतरताना आधी धनुष्य खाली, मग माणूस. पहिल्याच वर्षी वेंडल मदत म्हणून खाली उभा राहून ऑर्लिनच्या धनुष्याची गाठ सोडायला गेला, तर वरून ओरडा आला होता, "हात काढ! दुकानात काय खेळायचं ते खेळ. रानात मी जिवंत आहे तोवर माझी गाठ मी सोडीन."

तो नियम दोघांनी आजवर पाळला होता.

"चल, बाणांचा भाता काढ बाजूचा," वेंडल म्हणाला. "एकेक गोष्ट काढत जाऊ."

भाता काढला. ऑर्लिनने ओढलं. कर्र. नेम धरायचे काटे उतरवले. कर्र. बाणाची टेकणी काढून तिचा झिजलेला लोकरी तुकडा बदलला. कर्र. दोरीला मेण लावलं, चाकांच्या आसात तेलाचा थेंब सोडला, दिसला तो प्रत्येक स्क्रू आवळला. आवाज आपला जागच्या जागी. दर खेपेला ऑर्लिन धनुष्य टेबलावर ठेवायचा आणि कॉफीचा घोट घ्यायचा. घोट लहान असायचा आणि वेळ मोठा. उजवा हात तो मांडीवर ठेवायचा, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"खांदा कसा आहे?"

"खांद्याचं काय मधेच? आवाज धनुष्यातून येतोय."

"नाही, म्हटलं खात्री करून घ्यावी."

ऑर्लिन हसला. मग हसणं आवरून खिडकीबाहेर बघत राहिला. "गेल्या वर्षीसारखं नको व्हायला, वेंडल. एवढंच."

गेल्या वर्षीचं दोघांनाही सांगायची गरज नव्हती. ऑर्लिनचा बाण एका हरिणीला लागला, पण आरपार गेला नाही. ती पळाली. दोघांनी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही गुडघ्यांवर रांगत पानं उलटीपालटी करून रक्ताचे थेंब शोधले. ओढ्यापाशी थेंब संपले. हरिणी सापडलीच नाही. ऑर्लिन ओढ्याकाठच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "आवाज ऐकला तिने. दचकली." सगळा हिवाळा तो तेच म्हणत राहिला. जखमी जनावर रानात सोडून येणं त्याच्या लेखी फार वाईट होतं. त्या थंडीत तो चर्चमध्येही मागच्या बाकावर बसायचा.

"पुन्हा ओढ," वेंडल म्हणाला, आणि या वेळी त्याने धनुष्याच्या खालच्या पातीच्या मुळाशी अंगठा ठेवला. डोळे मिटले.

दोरी मागे आली. पाती वाकली, आणि वाकताना आपल्या खोबणीत हलली. अंगठ्याखाली केसभर सरकली. कर्र.

वेंडलने डोळे उघडले नाहीत. उघडावेसे वाटेनात. तो आवाज कुणाचा आहे, हे त्याला कळलं होतं. त्याचा स्वतःचा होता.

दर ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर, दुकानात तोलणीचा शनिवार असायचा. दोरी पूर्ण ओढायला जेवढा जोर लागतो ते धनुष्याचं वजन. वेंडलने एकेकाचं धनुष्य वजनकाट्याला अडकवून ओढायचं, आकडा मोठ्याने सांगायचा आणि भोवतीच्या मंडळींनी टाळ्या नाहीतर टिंगल करायची. ऑर्लिनचा आकडा तरुणपणापासून ठरलेला, सत्तर पौंड. त्याचं धनुष्य काट्याला लागलं की लोक आधीच "सत्तर!" म्हणून ओरडायचे. मग एका वसंतात तो चारा साठवायच्या सायलोच्या शिडीवरून पडला आणि खांदा गेला. त्या ऑगस्टमध्ये तोलणी झाल्यावर वेंडल सहज मागच्या दाराशी गेला, तर ऑर्लिन आपल्या ट्रकच्या आडोशाला उभा राहून धनुष्य ओढायचा प्रयत्न करत होता. दोरी अर्ध्यावर यायची आणि परत जायची. पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा परत. थोड्या वेळाने तो हसत हसत आत आला आणि सगळ्यांच्या आधी त्यानेच कुणाची तरी थट्टा केली.

"दोरीला मेण लावायला झालंय, ठेवून जा," वेंडल त्याला म्हणाला होता. रात्रभर ठेवून घेतलं, आणि दोन्ही पात्यांचे बोल्ट थोडेसे सैल केले. बोल्ट सैल की धनुष्य हलकं. दुसऱ्या दिवशी ऑर्लिनने दोरी कानापर्यंत आणली आणि पोरासारखा ओरडला, "बघ! सुधारतोय खांदा!"

मग दर उन्हाळ्यात आणखी थोडे. आणि दर तोलणीला वेंडल लोकांकडे पाठ करून काट्यासमोर उभा राहायचा, म्हणजे आकडा दुसऱ्या कुणाला दिसू नये, आणि सगळ्यांच्या आधी ओरडायचा, "सत्तर!" टाळ्या वाजायच्या. इतकं गोड खोटं तो आयुष्यात दुसरं बोलला नव्हता. आता बोल्ट इतके बाहेर आले होते की पातीला खोबणीत धड बूडच उरलं नव्हतं.

"काय झालं? झोपलास काय उभ्या उभ्या?" ऑर्लिनने विचारलं.

"ठेवून जा धनुष्य."

"उद्या सकाळी पाहिजे मला. वारा उत्तरेचा होतोय. तो मोठा नर ओकच्या झाडाखाली येतोय रोज, पाऊलखुणा बघितल्यात मी."

"मिळेल. जा आता."

दुपारी इर्मा आली. हातात भोपळ्याचा केक, पायांत ऑर्लिनचे बूट. तिने केक टेबलावर धनुष्याच्या शेजारी ठेवला आणि स्टुलावर बसली.

"सापडला का आवाज?"

"सापडला."

"मग असं सांग त्याला, की पाती तडकली. आता हे धनुष्य गेलं म्हणावं. नवीन घ्यायचं त्याचं वय नाही, तो घेणारही नाही." ती एका दमात बोलली. वाटेत पाठ करून आली असावी. "तुझं ऐकेल तो. माझं नाही ऐकत."

"इर्मा, पाती धड आहे."

"असू दे ना धड! मला नवरा धड हवाय. मचाणाच्या शिडीवरून पुन्हा पडला तर मी काय करू?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तो पलंगावर नाही झोपत, तुला माहितीय? आडवं होता येत नाही. खुर्चीत बसून झोपतो. आणि झोपेत उजवा हात मागे ओढतो रे. हळूहळू, कानापर्यंत. मग थांबतो. मी जागी राहून बघत असते, सोडतो कधी ते. सोडतच नाही."

वेंडलने केकचा तुकडा तोडला, पण तो हातातच राहिला. पाती तडकली असं म्हणणं अगदी सोपं होतं. ऑर्लिनने मान हलवली असती, धनुष्य भिंतीवर टांगलं असतं, आणि पुढचे सगळे हिवाळे त्या हरिणीचा दोष धनुष्यावर घालत काढले असते. त्याला तेवढंच तर हवं होतं, एक दोष द्यायला जागा. पण ती जागा वेंडलने तयार केली होती, त्याला न विचारता.

"मी बघतो," तो म्हणाला.

"बघतो म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही अजून."

ती गेल्यावर त्याने बोल्ट आवळायची ॲलन की घेतली. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, पुन्हा वरचा, पुन्हा खालचा, थोडं थोडं, सारखं. पात्या खोबणीत बसत गेल्या. धनुष्य हातात ताठ होत गेलं. सगळं बसल्यावर त्याने ते काट्याला लावून ओढलं आणि डोळे मिटून ऐकलं. काही नाही. कसलाच आवाज नाही. मग त्याने आकडा बघितला. दुकानात कुणीच नव्हतं, तरी तो हळूच म्हणाला, "सत्तर."

दिवस कलताना तो शेतावर गेला. ऑर्लिन ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बाणांची पिसं तपासत बसला होता.

"कुठे होता आवाज?"

"पातीच्या खोबणीत. बोल्ट सैल होते." वेंडलने धनुष्य खाली ठेवलं. "मीच केले होते. तुझा खांदा गेल्यापासून, दर उन्हाळ्यात. तोलणीला मी खोटं बोलायचो, ऑर्लिन."

ऑर्लिनने एक पीस फुंकरलं. उजेडाकडे धरून बघितलं. "माहितीय."

"काय माहितीय?"

"अरे, पूर्वी बाण भाऱ्याच्या पार जायचा, आता अर्धा बाहेर लोंबतो. म्हातारा झालोय मी, आंधळा नाही. आणि नेमाचे काटे दर वर्षी खाली कोण सरकवतं? तुझी बहीण?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढ्या कौतुकाने सत्तर म्हणून ओरडायचास. तुझा उत्साह कोण मोडणार?" तो हसला, पण हसू फार टिकलं नाही. "आवाज त्यानेच होतो, हे मात्र नव्हतं माहीत."

शेडबाहेर धुकं पुन्हा जमायला लागलं होतं. कुंपणाचे खांब एकेक करून नाहीसे होत होते.

"ती हरिणी," वेंडल म्हणाला, "ती माझ्यामुळे गेली. बाणात जोरच नव्हता."

"नव्हता. आणि ते मला ठाऊक होतं, तरी मी सोडला." ऑर्लिनने पीस खाली ठेवलं. "आवाजाने दचकली असं म्हटलं की बरं वाटायचं. तिचं निम्मं ओझं तू घे, निम्मं मी घेतो. एकट्याने तिला ओढत नेण्याइतका खांदा राहिला नाही माझा."

वेंडलचे डोळे भरून आले. तो नाक शिंकरत म्हणाला, "हलक्या पात्या मागवता येतील. पण तुला झेपेल एवढ्या वजनात हरीण नीट पडणार नाही. मी आता खोटं सांगणार नाही तुला. क्रॉसबो आहे, बंदुकीसारखा चाप ओढायचा, ती चालवायला खांदा लागत नाही."

"ती आपल्या चर्चच्या पाद्रीबाईंना दे. वैतागल्यात त्या बागेतल्या सशांना." मग जरा थांबून, "इर्माने पाती तडकल्याचं सांगायला सांगितलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"केक घेऊन निघाली तेव्हाच. फुकट केक देणारी बाई नाही ती." त्याने धनुष्य उचललं, डाव्या हातात तोललं. "आता किती आहे?"

"सत्तर. खरं सत्तर."

"आणि आवाज?"

"गेला."

ऑर्लिनने दोरीवरून बोट फिरवलं. ओढून मात्र बघितलं नाही.

"नेमाचे काटे परत लावून देतो," वेंडल म्हणाला. "जुन्या नेमाने बाण आता वर जाईल."

"काटे राहू देत."

सकाळी उजाडायच्या सुमाराला दोघं रानात शिरले. वेंडलचं मचाण ओढ्याच्या अलीकडे, ऑर्लिनचं पलीकडे ओकवर. मधे दरी, आणि दरीत काठोकाठ धुकं. ऑर्लिनने शिडी चढायला फार वेळ घेतला. पडू नये म्हणून पट्टा अडकवला, दोरीने धनुष्य वर ओढून घेतलं. डाव्या हातानेच असणार. धुक्यात दिसत काही नव्हतं, वेंडल आपल्या जागेवरून ऐकत होता आणि प्रत्येक पायरीला श्वास धरत होता.

मग उजेड पसरला. ओकचा शेंडा धुक्यातून वर आला, नंतर ऑर्लिनची टोपी, खांदे, मांडीवरचं धनुष्य. खाली जमीन कुठे दिसत नव्हती. तो माणूस झाडासकट ढगावर बसला आहे आणि कुणी बोलावलं तर तसाच वाहत जाईल, असं वेंडलला वाटलं. त्याला बोलावावंसंही वाटलं. पण रानात कुणी बोलत नाही.

नर कधी आला ते कळलंच नाही. आधी धुक्यात शिंगं दिसली, जाडजूड, ओली. मग पाठ. तो ओकखाली आला आणि गळलेली फळं खाऊ लागला. फळं फोडल्याचा आवाज दरीच्या या बाजूपर्यंत येत होता.

ऑर्लिन उभा राहिला. हळूहळू, त्यानेच शिकवलं होतं तसा. डावा हात पुढे आला, धनुष्य उभं राहिलं. वेंडलने डोळे बारीक केले, आणि त्याला दिसलं की दोरीवर बाण नव्हता. बाण सगळे भात्यात होते. नेमाचे काटे राहू देत, असं ऑर्लिन काल का म्हणाला ते आता त्याच्या लक्षात आलं.

ऑर्लिनने दोरी ओढली. ती अर्ध्यापर्यंत आली. तिथे तो थांबला. खांदा थरथरत होता, तेवढं इतक्या लांबूनही दिसत होतं. वेंडलने सवयीने डोळे मिटले आणि सगळा जीव कानांत आणून ऐकलं. दोरी परत जाताना करकरली नाही, पाती बोलली नाही, चाक बोललं नाही. खाली फळं फुटत होती, तेवढंच. त्याने डोळे उघडले तेव्हा धनुष्य खुंटीला टांगलेलं होतं आणि ऑर्लिन हात मांडीवर ठेवून नराकडे बघत बसला होता. नराने एकदाही मान वर केली नाही. पोटभर खाऊन तो आला तसा धुक्यात गेला.

ऊन दरीत उतरल्यावर वेंडल ओढा ओलांडून ओकखाली आला. वरून धनुष्य दोरीला लोंबत खाली आलं आणि पानांवर टेकलं. वेंडल नेहमीसारखा हात खिशात घालून बाजूला उभा राहिला. मग ऑर्लिन उतरला. एकेक पायरी, आधी डावा हात, मग दोन्ही पाय.

"ऐकलंस काही?" त्याने खाली येऊन विचारलं. त्याला धाप लागली होती.

"नाही."

"मीही नाही." त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि वेंडलने तो कित्येक दिवसांत इतका प्रसन्न बघितला नव्हता. "त्याला पत्ताच नाही लागला लेका. चांगलं काम केलंस."

तो दोरीकडे वळला. धनुष्याकडे बघत उभा राहिला. गाठीला हात लावायला थोडा वाकला, आणि पुन्हा सरळ झाला.

"सोड तूच," तो म्हणाला, आणि टोपी सारखी करून ट्रककडे चालू लागला.

वेंडल पानांवर गुडघे टेकून बसला. गाठ दवाने भिजून घट्ट झाली होती. त्याने हातमोजे काढून शेजारी ठेवले. ऑर्लिन पुढे कुठेतरी शीळ घालत चालला होता. गाठ सुटायला बराच वेळ लागला.